विषाणू एकच, माणसं अनेक: जनुकांच्या बारा अचाट गोष्टी

कोविडच्या लाटेत महाराष्ट्रातल्या असंख्य घरांनी हे पाहिलं. घर एक, हवा एक, विषाणूही एकच. तरी एकाला नुसती कणकण, दुसरा थेट ऑक्सिजनवर, आणि दोघांची सेवा करणाऱ्या तिसरीचा रिपोर्ट शेवटपर्यंत निगेटिव्ह! वय, मधुमेह, लस, शरीरात किती विषाणू गेला ही सगळी कारणं खरी आहेतच. पण त्यांच्या जोडीला एक कारण आपण जन्मतः घेऊन येतो. आपल्या डीएनएत सुमारे ३०० कोटी अक्षरं असतात आणि त्यातली बहुतेक सगळ्या माणसांत सारखी असतात. जी थोडी वेगळी असतात, त्यांतली काही विषाणूला वाट देतात, तर काही त्याला उंबऱ्याबाहेरच रोखतात. त्याच जनुकांच्या या बारा गोष्टी. प्रत्येक गोष्ट तपासलेली, आणि प्रत्येक थक्क करणारी.

१. दत्तक मुलांनी दिलेली साक्ष

आजारपण घरच्या राहणीमुळे येतं की जन्मदात्यांकडून? हा गुंता डेन्मार्कच्या संशोधकांनी दत्तक गेलेल्या मुलांच्या नोंदींवरून सोडवला. १९२४ ते १९२६ दरम्यान जन्मलेल्या आणि लहानपणीच परक्या घरी दत्तक गेलेल्या मुलांची ९६० कुटुंबं त्यांनी अभ्यासली. १९८८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. जन्मदात्या आई किंवा वडिलांचा मृत्यू पन्नाशीच्या आत संसर्गाने झाला असेल, तर त्या मुलाचाही संसर्गाने मृत्यू होण्याचा धोका जवळजवळ सहापट होता. ज्यांनी वाढवलं, त्यांच्या बाबतीत असा संबंध दिसला नाही. आनुवंशिक म्हटलं की आपल्याला आधी कर्करोग आठवतो, पण या अभ्यासात जन्मदात्यांचा ठसा संसर्गात अधिक ठळक उमटला होता.

२. ३२ अक्षरं गळाली आणि एचआयव्ही अडला

विषाणूला पेशीत शिरण्याआधी तिच्या पृष्ठभागावरच्या एखाद्या रेणूला चिकटावं लागतं. एचआयव्हीला एकाच वेळी दोन रेणू लागतात, आणि त्यातला दुसरा बहुधा सीसीआर५ असतो. १९९६ मध्ये कळलं, की काही माणसांच्या सीसीआर५ जनुकातली ३२ अक्षरं गळालेली असतात. त्यामुळे ते प्रथिन अर्धवट बनतं आणि पेशीच्या पृष्ठभागापर्यंत पोचतच नाही. आई आणि वडील दोघांकडूनही असं जनुक मिळालं, तर एचआयव्हीच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारांपासून मोठं संरक्षण मिळतं. उत्तर युरोपीय वंशाच्या सुमारे १ टक्का लोकांत हे दुहेरी कवच आहे. भारतात हा बदल दुर्मीळ आहे, म्हणून त्याच्या भरवशावर आपल्यापैकी कुणीही बेफिकीर राहता कामा नये.

याच बदलातून वैद्यकशास्त्रातली एक विलक्षण घटना घडली. टिमोथी रे ब्राउन या अमेरिकन माणसाला एचआयव्हीची लागण होतीच, त्यात रक्ताचा कर्करोगही झाला. २००७ मध्ये बर्लिनमध्ये डॉ. गेरो ह्यूटर यांनी त्याच्यासाठी मूलपेशींचा दाता शोधला, तो मुद्दाम ही ३२ अक्षरं नसलेला! मूलपेशींचं रोपण झालं. औषधं थांबवूनही एचआयव्ही परतला नाही. या विषाणूतून पूर्ण बरा झालेला ब्राउन हा जगातला पहिला माणूस. २०२० मध्ये त्याचं निधन झालं ते उलटलेल्या कर्करोगाने, एचआयव्हीने नव्हे.

३. कवच आहे, पण किंमत मोजून

मग सगळ्यांचंच सीसीआर५ काढून टाकलं तर? थांबा! डासांमार्फत पसरणारा वेस्ट नाइल विषाणू अमेरिकेत पोचल्यावर संशोधकांच्या लक्षात आलं, की ज्यांच्यात सीसीआर५ नाही, ते या आजाराच्या रुग्णांत अपेक्षेपेक्षा जास्त आहेत. जे प्रथिन एचआयव्हीला वाट देतं, तेच आपल्या संरक्षक पेशींना मेंदूकडे धाडायला मदत करतं.

हा धडा डावलून चीनचे शास्त्रज्ञ हे ज्यानक्वी यांनी भ्रूणांचं सीसीआर५ जनुक कापलं आणि २०१८ मध्ये जुळ्या मुली जन्मल्याचं जाहीर केलं. जगभरच्या शास्त्रज्ञांनी संताप व्यक्त केला आणि चिनी न्यायालयाने २०१९ मध्ये त्यांना तीन वर्षांची कैद सुनावली. ते योग्यच झालं. अजून पुरत्या न समजलेल्या जनुकावर कात्री चालवायची आणि परिणाम त्या मुलींनी जन्मभर भोगायचे, हे विज्ञान नाही.

४. उलट्यांचा विषाणू आणि लाळेतली साखर

१९६८ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या नॉरवॉक गावात एका शाळेत उलट्यांची साथ आली. तिच्या मुळाशी असलेला नोरोव्हायरस आज जगभर ठाण मांडून आहे. वसतिगृह असो की जहाज, माणसं दाटीने राहतात तिथे तो वाऱ्यासारखा पसरतो. तरी काही जण साथीतही खडखडीत असतात. का?

उत्तर आहे एफयूटी२ या जनुकात. हे जनुक आपल्या आतड्याच्या अस्तरावर आणि लाळेत साखरेच्या रेणूंची एक विशिष्ट रचना तयार करतं. नोरोव्हायरसचे बरेच प्रकार नेमके तिलाच चिकटतात. युरोपीय वंशाच्या सुमारे २० टक्के लोकांत हे जनुक बंद असतं. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात स्वयंसेवकांना चक्क विषाणू प्यायला दिला गेला. हे जनुक बंद असलेल्यांपैकी एकालाही लागण झाली नाही! अर्थात नोरोव्हायरसचे काही प्रकार या साखरेवाचूनही काम भागवतात. त्यामुळे जेवणाआधी साबणाने हात सगळ्यांनीच धुवायचे.

५. परळमध्ये सापडलेला रक्तगट

आता याच साखरेची आपल्या मुंबईतली गोष्ट. १९५२ मध्ये परळच्या केईएम रुग्णालयाशी जोडलेल्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये एका अनोख्या रक्तगटाची नोंद केली. वरवर तो ‘ओ’ वाटायचा, पण ‘ओ’ गटाचं रक्तही त्याला चालायचं नाही. जग त्याला आज ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणून ओळखतं. भारतात अंदाजे दहा हजारांत एकाचा हा गट असतो.

या लोकांच्या तांबड्या पेशींवर ‘एच’ नावाची साखरेची पायाभूत रचनाच नसते, कारण एफयूटी१ हे जनुक बिघडलेलं असतं. आणि भारतात आढळणाऱ्या नेहमीच्या बॉम्बे रक्तगटात शेजारचं एफयूटी२ हे जनुकही गळालेलं असतं. हो, नोरोव्हायरसवाल्या गोष्टीतलंच! त्यामुळे विषाणूचे अनेक प्रकार ज्या रचनेला चिकटतात, ती या मंडळींच्या आतड्यातही नसते.

पण दुसरी बाजू गंभीर आहे. यांना रक्त लागलं, तर ते फक्त बॉम्बे गटाच्याच दात्याचं चालतं. आपला किंवा घरातल्या कुणाचा गट हा निघाला, तर रक्तपेढीत नाव जरूर नोंदवा. एका फोनवर कुणाचा तरी जीव वाचेल.

६. एक रेणू कमी, एक विषाणू कायमचा हद्दपार

पार्व्होव्हायरस बी१९ लहान मुलांचे गाल थोबाडीत मारल्यासारखे लाल करतो. अस्थिमज्जेत तांबड्या पेशी बनवणाऱ्या पेशींवर त्याचा खरा हल्ला असतो. त्या पेशींत शिरायला त्याला पृष्ठभागावरचा ‘पी’ हा रेणू लागतो. साधारण दोन लाखांत एखाद्याकडे हा रेणू नसतोच. १९९४ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं, की अशा माणसांना हा विषाणू जन्मभर शिवू शकत नाही. जनुकांमुळे मिळणारं संरक्षण इतकं नि:संदिग्ध क्वचितच पाहायला मिळतं.

७. निअँडरथल पूर्वजांनी ठेवलेलं देणं

साधारण ६०,००० वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांचा निअँडरथल मानवांशी संकर झाला. त्यांच्या डीएनएचे तुकडे आजही आपल्यात आहेत. २०२० मध्ये ह्युगो झेबर्ग आणि स्वान्ते पेबो यांनी दाखवलं, की कोविड गंभीर होण्याचा धोका वाढवणारा तिसऱ्या गुणसूत्रावरचा एक तुकडा निअँडरथलांकडून आलेला आहे. क्रोएशियातल्या विंडिया गुहेत सापडलेल्या, सुमारे ५०,००० वर्षं जुन्या निअँडरथल हाडांतल्या डीएनएशी तो जुळला. युरोपात हा तुकडा सुमारे १६ टक्के लोकांत आहे, दक्षिण आशियात मात्र जवळपास निम्म्या लोकांत! पेबो यांना २०२२ मध्ये नोबेल मिळालं, ते अशाच प्राचीन डीएनएच्या अभ्यासासाठी.

मग आपलं काही खरं नाही म्हणायचं? तसं नाही. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेसह भारतीय शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये दक्षिण आशियातली आकडेवारी तपासली, तेव्हा हा तुकडा आणि कोविडची तीव्रता यांचा संबंध त्यांना इथे आढळला नाही. युरोपातल्या माणसांवर बेतलेला निष्कर्ष जसाच्या तसा आपल्यावर लावता येत नाही, हे यातून ठसठशीत दिसलं.

आणखी गंमत पुढे आहे. झेबर्ग यांनाच २०२२ मध्ये असं आढळलं, की हाच तुकडा असलेल्यांना एचआयव्हीची लागण होण्याचा धोका २७ टक्क्यांनी कमी असतो. शिवाय निअँडरथलांकडूनच आलेला बाराव्या गुणसूत्रावरचा दुसरा तुकडा कोविड गंभीर होण्याचा धोका सुमारे २२ टक्क्यांनी कमी करतो. एकाच पूर्वजाने धोकाही दिला आणि ढालही दिली.

८. शिट्टी वाजलीच नाही तर?

ही गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची, म्हणून जरा सविस्तर. विषाणू शिरल्याचं कळताच आपल्या पेशी इंटरफेरॉन नावाची प्रथिनं सोडतात. सोसायटीत चोर शिरल्यावर वॉचमनने शिट्टी मारावी आणि घरोघरी दारं बंद व्हावीत, तसं या प्रथिनांमुळे शेजारच्या पेशी सावध होतात. विषाणूची वाढ पहिल्या तासांतच रोखण्याचं काम मुख्यतः यांचं. ही शिट्टी वाजवणारं जनुकच बिघडलेलं असेल तर?

नागीण कुळातला हर्पिस सिम्प्लेक्स हा विषाणू जगातल्या पन्नाशीच्या आतल्या जवळजवळ दोन तृतीयांश लोकांच्या शरीरात असतो आणि बहुतेकांना ओठावरच्या फोडापलीकडे त्रास देत नाही. पण हजारोंत एखाद्या मुलाच्या तो थेट मेंदूत शिरतो. फ्रान्सचे जाँ-लोराँ कासानोव्हा यांच्या गटाने २००७ मध्ये दाखवून दिलं, की अशा काही मुलांमध्ये टीएलआर३ या एका जनुकात दोष असतो. नवल म्हणजे ही मुलं बाकीच्या विषाणूंशी उत्तम लढतात. एक जनुक बिघडलं आणि एकाच विषाणूपुढे, एकाच अवयवात बचाव कोसळला.

कोविडच्या पहिल्याच वर्षी नेदरलँड्समधून अशीच चटका लावणारी नोंद आली. दोन कुटुंबांतल्या भावांच्या दोन जोड्या, चौघंही तरुण, आधीचा कुठलाही मोठा आजार नाही. तरी चौघांनाही व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं आणि एकाचा मृत्यू झाला. चौघांच्याही टीएलआर७ या जनुकात बिघाड निघाला. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. बायकांकडे एक्सच्या दोन प्रती असतात, एक बिघडली तरी दुसरी सावरते. पुरुषांकडे एकच. गंभीर कोविड पुरुषांत जास्त का दिसला, याच्या अनेक कारणांपैकी हे एक.

त्याच वर्षी कासानोव्हा यांच्या आंतरराष्ट्रीय गटाला जिवावरचा कोविड झालेल्या ६५९ रुग्णांपैकी २३ जणांत इंटरफेरॉनच्या यंत्रणेतले असे जन्मजात दोष सापडले. ‘धडधाकट होता, अचानक गेला’ या वाक्यामागे काही वेळा असा न दिसणारा दोष असतो. त्यात त्या माणसाची किंवा घरच्यांची काहीही चूक नसते.

९. लागण झाली, पण पत्ताच नाही!

कोविड झाला, पण साधी शिंकही नाही, अशी माणसं आठवतात? अमेरिकेतल्या जिल हॉलनबाख यांनी त्यांचाच माग काढला. अस्थिमज्जा दात्यांच्या नोंदवहीतल्या जवळपास ३०,००० लोकांना त्यांनी सोबत घेतलं, कारण विषाणू ओळखायला शरीराला मदत करणाऱ्या त्यांच्या एचएलए जनुकांची तपासणी आधीच झालेली होती. लस न घेतलेल्या १,४२८ जणांना लागण झाली, आणि त्यातल्या १३६ जणांना एकही लक्षण नव्हतं. या बिनलक्षणी मंडळींत एचएलए-बी*१५:०१ हा प्रकार दर पाचांत एकाकडे होता, लक्षणं असलेल्यांत मात्र ९ टक्क्यांकडेच. ज्यांच्याकडे दोन्ही प्रती या प्रकारच्या होत्या, त्यांना लक्षणं न दिसण्याची शक्यता आठपटींहून जास्त. हा प्रकार असलेल्यांच्या, नेहमीच्या सर्दीच्या कोरोना विषाणूंशी पूर्वी लढलेल्या पेशी नव्या विषाणूचा ओळखीचा तुकडा लगेच हेरतात.

१०. डेंग्यूचा तडाखाही सारखा नसतो

पावसाळा आला की महाराष्ट्राला डेंग्यूची धास्ती. बहुतेकांचा ताप आठवड्याभरात उतरतो, पण काहींच्या रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरू लागतो आणि रक्तदाब कोसळतो. व्हिएतनाममधल्या हजारो मुलांच्या अभ्यासातून २०११ मध्ये या घातक अवस्थेशी निगडित दोन जनुकं हाती लागली: एमआयसीबी आणि पीएलसीई१. पहिलं जनुक विषाणूग्रस्त पेशींना मारणाऱ्या संरक्षक पेशींना चेतवण्याशी संबंधित आहे. क्युबात १९८१ मध्ये डेंग्यूने १५८ बळी घेतले, तेव्हाही आफ्रिकी वंशाच्या लोकांत गंभीर आजाराचं प्रमाण कमी असल्याचं तिथल्या डॉक्टरांनी टिपलं होतं.

आपलं जनुक कोणतं हे डासाला ठाऊक नसतं. म्हणून कूलर, कुंड्या आणि टायरमधलं साचलेलं पाणी आठवड्याला एकदा ओतून देणं, हा उपाय सगळ्या जनुकांना लागू पडतो.

११. आपण ८ टक्के विषाणूच!

आपल्या डीएनएचा सुमारे ८ टक्के भाग म्हणजे प्राचीन विषाणूंचे अवशेष आहेत. लाखो-कोट्यवधी वर्षांपूर्वी ते पूर्वजांच्या बीजपेशींत शिरले आणि तिथेच राहिले. त्यातल्या एका विषाणूचं जनुक आज सिन्सिटिन नावाचं प्रथिन बनवतं, आणि ते आईच्या पोटात वार तयार व्हायला मदत करतं. म्हणजे आपल्या प्रत्येकाच्या जन्माला एका जुन्या विषाणूचा हातभार लागला आहे.

विषाणूंनी माणूस घडवलाही आहे. २०२१ मधल्या एका अभ्यासानुसार, २०,००० वर्षांहून अधिक काळापूर्वी पूर्व आशियात कोरोनासारख्या एखाद्या विषाणूने दीर्घकाळ ठाण मांडलं होतं. त्याच्या खुणा तिथल्या लोकांच्या ४२ जनुकांत आजही दिसतात.

१२. जनुकाचा पत्ता लागला, औषध सापडलं

हे सगळं शोधून उपयोग काय? हा घ्या उपयोग. ज्यांच्यात सीसीआर५ नाही ती माणसं एरवी ठणठणीत आहेत हे पाहून, तो रेणू अडवणारं माराविरॉक हे औषध बनलं. २००७ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली.

कोविडमध्ये तर याहून वेगाने गाडी पुढे गेली. एडिनबरा विद्यापीठाचे केनेथ बेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या २०८ अतिदक्षता विभागांतल्या २,२४४ रुग्णांची जनुकं तपासली. साथीच्या पहिल्याच वर्षी त्यांनी टीवायके२ या जनुकाकडे बोट दाखवलं. त्याच्याशी निगडित यंत्रणेला आवर घालणारं बॅरिसिटिनिब हे औषध संधिवातासाठी आधीपासून वापरात होतं. २०२२ मध्ये ‘रिकव्हरी’ या मोठ्या चाचणीत या औषधाने रुग्णालयात दाखल कोविड रुग्णांचे मृत्यू १३ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं.

मग आपण काय करायचं?

पहिली गोष्ट: जनुकं म्हणजे विधिलिखित नव्हे. काही थोड्या अपवादांत एकच जनुक सगळं ठरवतं. बहुतेकांच्या बाबतीत अनेक जनुकं मिळून पारडं थोडंसं झुकवतात, आणि वय, पोषण, हवा, वेळेवर उपचार व लस ते पुन्हा आपल्याकडे झुकवू शकतात.

दुसरी: घरातल्या एखाद्या मुलाला साध्या विषाणूनेही वारंवार रुग्णालय गाठावं लागत असेल, किंवा नात्यात कुणी तरुणपणी साध्या संसर्गाने गेलं असेल, तर डॉक्टरांना ते न विचारता सांगा. रोगप्रतिकारशक्तीतले जन्मजात दोष तपासता येतात आणि त्यांतल्या अनेकांवर उपचारही आहेत.

तिसरी: जनुकांचं संशोधन आजवर मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवर झालं. भारताच्या ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पाने देशभरातल्या १०,००० माणसांचे जीनोम वाचले आणि ती माहिती २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली झाली. आपल्या आजारांची उत्तरं आपल्याच माणसांत शोधायची ही सुरुवात आहे. अशा विश्वासार्ह, संमती घेऊन होणाऱ्या अभ्यासात सहभागी व्हायची संधी आली, तर मागे राहू नका.

आणि चौथी, सगळ्यांत सोपी: जनुकं निवडता येत नाहीत, लस निवडता येते. घरातल्या मुलांचं लसीकरण कार्ड आजच काढा, राहिलेला डोस पाहा आणि या आठवड्यात तो देऊन घ्या.